आज कोणती भाजी केली?

मिस, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून पाय जुळवून ताठ उभी राहते. आज रविवारची दुपार आहे. उद्या सकाळी साडेसहाला माझा डान्स फिटनेसचा क्लास आहे आणि अकरा दिवसांच्या सुट्टीनंतर मी पुन्हा हॉलमध्ये पाऊल टाकणार आहे. स्वयंपाकात मीठ दोनदा घातलं.

कॉन्व्हेंट शाळेच्या पटांगणावरचं तुमचं ड्रिल आठवतं. खडूची पूड चोळून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, सिस्टरांनी ऑफिसातून बाहेर काढून दिलेला ग्रामोफोन, आणि रेकॉर्ड अडकली तरी न अडकणारं तुमचं 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट'. तेव्हा त्याला नाच म्हटलेलं सिस्टरांना चाललं नसतं. निवृत्त झाल्यावर तुम्ही नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये टेपरेकॉर्डर घेऊन आलात आणि त्याच ड्रिलला एरोबिक्स म्हणायला लागलात. मी दोन मुलांची आई आणि तुमची मदतनीस. बायका घरी 'भाजी घेऊन येते' सांगून निघायच्या, पिशवीतला पंजाबी ड्रेस हॉलच्या मोरीत बदलायच्या आणि जाताना खरंच जुडीभर काहीतरी घेऊन जायच्या. कॅसेटची फीत बाहेर आली की मी पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचे.

तुम्ही आमच्याकडे तोंड करून उभ्या राहता. तोंडाने 'उजवा' म्हणता आणि स्वतः डावा पाय उचलता, म्हणजे आम्हाला समोर बघून करता यावं. आणि गाणं ऐन रंगात आलं की कुणा एकीकडे बोट दाखवता. "आज कोणती भाजी केली?"

"मेथी!"

"पूर्ण वाक्य, बाई."

"मेथीची भाजी केली, मिस, आणि सासूबाई म्हणाल्या कडू झालीय!"

"मग उद्या त्यांनाच इथे घेऊन या. नाचल्या की गोड होतील."

सगळ्या हसतात, पाय मात्र थांबत नाहीत. जिला नाचताना वाक्य पुरं करता यायचं नाही, तिने भिंतीशी जाऊन बसायचं, श्वास खाली आला की परत यायचं. तिला कोणी चिडवायचं नाही, हा नियम. तुम्हाला ताप होता त्या आठवड्यात मी क्लास घेतला आणि गाण्याची लय मोडू नये म्हणून कुणालाच भाजी विचारली नाही. ते तुमच्या कानावर गेलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "गाणं उद्याही वाजेल," एवढंच म्हणालात. "बाई उद्या यायला हवी." मला तेव्हा ते म्हातारपणाचं काळजीखोर बोलणं वाटलं होतं.

तुमच्यामागे क्लास माझ्याकडे आला. कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेनड्राइव्ह. मध्ये काही वर्षं सगळ्यांना गरब्याच्या स्टेप्स हव्या होत्या, मग कुठल्या कुठल्या देशांची गाणी आली, ज्यांचा एक शब्द आम्हाला कळत नाही. लॉकडाऊनमध्ये मी दिवाणखान्यात एकटी नाचायचे आणि मोबाइलवर चौकोनाचौकोनांत बायका. आता भिंतभर आरसा आहे, कानाला माइक, आणि फरशी थरथरेल असे स्पीकर. मीही आरशाकडे तोंड करून उभी राहते. डाव्या-उजव्याची उलटापालट डोक्यात करावी लागत नाही. भाजी विचारायचं कधी सुटलं ते सांगता येत नाही. त्या आवाजात उत्तर ऐकूच आलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दहा दिवसांपूर्वी, त्या गुरुवारी, शेवटचं गाणं चालू होतं. ते संपलं, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतल्या एक बाई भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरल्या. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेल्या, माझ्याहून वर्षभराने मोठ्या. दर रविवारी क्लासनंतर सगळ्यांना मिसळ खायला ओढून नेणाऱ्या, आणि 'जेवढं जाळलं तेवढं भरायचं, हिशेब सरळ' म्हणणाऱ्या. हॉस्पिटलात कळलं की हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली होती. स्टेंट बसवला. वाचल्या. बाहेरच्या बाकावर त्यांच्या मुलीने माझा हात धरला. "मॅडम, आधी काही त्रास होताना दिसला का हो आईला? डॉक्टर विचारतायत, कधीपासून होत होतं."

मी म्हणाले, "नाही गं. अचानकच झालं."

मिस, मला दिसलं होतं. आरशात सगळं दिसतं. त्यांनी एक हात भिंतीला लावला होता, चेहरा राखेसारखा झाला होता, आणि पाय तरीही चालवायचा प्रयत्न चालला होता. सोळा काउंट उरले होते. मी आरशात त्यांच्याकडे बघून हसले, अंगठा दाखवला आणि माइकवर ओरडले, "कम ऑन, सोडायचं नाही!" त्यांनी सोडलं नाही.

काल त्यांचा फोन आला. "मॅडम, सोमवारी येते मी. नाचणार नाही, घाबरू नका. खुर्चीवर बसून बघेन नुसती. घरात बसून जास्त धडधडतं. तुम्ही असल्या की मला भीती वाटत नाही." मी 'या ना' म्हणाले. तेव्हापासून मला त्या खुर्चीची भीती वाटते आहे. उद्या मी आरशाकडे पाठ करेन, आवाज कमी करेन, एकेकीला भाजी विचारेन. ते जमेल. पण पहिल्याच गाण्याला त्या बाई खुर्चीवरून माझ्याकडे विश्वासाने बघत असतील, आणि त्यांच्या मुलीला मी काय सांगितलं ते फक्त मला माहीत असेल. खरं सांगितलं तर त्या परत येतील का? बाकीच्या येतील का? आणि या वयात, या हॉलशिवाय, मी सकाळी उठून कुठे जाऊ?

तुम्ही असतात तर बोट दाखवून म्हणाला असतात, पूर्ण वाक्य, बाई.

हे पत्र कपाटात तुमच्या शिट्टीच्या डबीखाली ठेवते आहे. जेवणं झाल्यावर मी त्यांच्या मुलीला फोन करायला बसले होते. नंबर समोर काढून ठेवला होता. तो लावायचा धीर होईना, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं.