लाल पोकलेन की पिवळी

२३ फेब्रु.
सकाळी परत तेच. अण्णा पोहे खाता खाता म्हणाले, "ज्याला डिप्लोमा पुरा करता आला नाय, त्यानं तीस टनी पोकलेन निवडायची का?" आई हसली. आई पण! कॉलेज सोडून दीड वर्ष झालं, तेव्हापासून रोज अण्णांच्या साइटवर उभा आहे, धूळ खातोय. तरी घरात माझी ओळख तीच. अर्ध्यातून आलेला.

पाचोडच्या खदानीचं काम आपल्याला मिळालंय. काळा पाषाण. जुनी मशीन तिथं नुसते ओरखडे काढती. नवी मोठी पोकलेन पाडव्याला दारात हवी, म्हणजे बुकिंग १० मार्चपर्यंत. अण्णा म्हणतात पिवळी. का? तर अठरा वर्षं आपली पिवळीच आहे. हे काय कारण झालं? मी म्हणतो लाल. कारणं दोन पानं लिहून दिली. चष्मा सापडत नाय म्हणे.

२४ फेब्रु.
पिवळीचा सेल्समन साइटवर आला. गाडीतून उतरला तो थेट आमच्या ऑपरेटरकडं, रफिकभाईंकडं. अण्णांना नमस्कार नंतर. मला तर नाहीच. सगळ्या डीलरांना ठाऊक आहे, मशीन मालक घेतो पण ठरवतो ऑपरेटर. रफिकभाई एकदा "इसमें मजा नहीं" म्हणाले की अण्णा त्या शोरूमकडं बघत पण नाहीत.
दुपारी दोघं बिर्याणी खायला गेले. परत आले तर रफिकभाईंच्या चावीला नवं किचेन. पिवळं. डोकं सटकलं.

२६ फेब्रु.
वाळूजला गेलो, लालच्या डीलरकडं. सर्व्हिसच्या काउंटरला प्राजक्ता. ती तिथं आहे हे माहीत होतं. म्हणून गेलो का? नाय. पार्टचं विचारायचं होतं. (शर्ट मात्र नवा घातला.)
डिप्लोमाला माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिनं पुरा केला.
"अरे, तू! किती वाळलास."
विचारलं, हायड्रॉलिक पंप गेला तर किती दिवस? दुसरा कोणी "टेन्शन नका घेऊ" म्हणाला असता. ती म्हणाली, "बारीकसारीक त्याच दिवशी. पंप पुण्याहून येतो, दोन दिवस धर. एकदा तीन पण लागलेत." स्वतःच्या मशीनबद्दल असं कोण सांगतं?
येताना उस्मानपुऱ्यात सिग्नल हिरवा झाला तरी उभाच. मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या घातल्या. मनावर नाय घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

१ मार्च, रवि.
कोणीतरी चहाडी केली. रफिकभाई मशीनवरून ओरडले, "छोटे, मशीन पसंद आई के मशीनवाली?" चारही डंपर ड्रायव्हर खिदळले. अण्णा मिशीत.
कान तापले. म्हणालो, दोन्ही मशीन डेमोला इथं आणा. एकच खदान, एकच ऑपरेटर, चार-चार तास. सुरुवातीला टाकी फुल, शेवटी परत फुल, किती डिझेल लागलं ते बघू. डंपर पण मोजू. मग बोला.
अण्णा: "चालंल. मोजमाप तुझ्याकडं. पण त्यात खोट निघाली तर परत धंद्यात बोलायचं नाय. मुकाट कॉलेजला जायचं."
चालंल म्हणालो. चालंल काय, पळंल.

५ मार्च
झाली टेस्ट! सकाळी पिवळी, दुपारी लाल. दोन्हीवर रफिकभाई.
पिवळी: ४१ डंपर, १०४ लि.
लाल: ४० डंपर, ८२ लि.
बावीस लिटर! शेवटी जरा गडबड झाली. दिवस मावळत होता, मशीन रॅम्पवर होती, रफिकभाई "रुक, लेवल पे लेता हूँ" करत होते. मी म्हणालो टाइमपास नको, इथंच भरा. भरली. ८२.
रफिकभाई खाली उतरले. "चलती अच्छी है. पर इतना कम? मेरेकू ये आकडा जमता नहीं."
गेलंच माझं डोकं. सगळ्यांसमोर म्हणालो, "कसा जमंल? पिवळीवाल्याची बिर्याणी पोटात आहे ना. विकलेल्या माणसानं आकड्यावर बोलू नये."
रफिकभाईंनी गमछा झटकला, खांद्यावर टाकला, मोटरसायकल काढून गेले. झोंबलं असंल. झोंबू दे.
अण्णांनी वहीतले आकडे बघितले. मग म्हणाले, "लाल." एवढंच.
प्राजक्ताला मेसेज केला. उत्तर: "अरे वा! मस्त" आणि एक अंगठा. चाळीस वेळा वाचलं. तीन शब्दांत चाळीस वेळा वाचण्यासारखं काय आहे, ते नाय सांगता येत.

७ मार्च
आज जुन्या मशीनमध्ये डिझेल भरत होते. रफिकभाईंनी मशीन शंभर फूट मागं घेतली, सपाटीला. टँकरवाला वैतागला, "चाचा, तिथंच भरलं असतं की."
"ढलान पे टाकी झूठ बोलती रे. मशीन तिरछी, तो एक कोने से भरी दिखती, दूसरा कोना खाली."
मी पाण्याची बाटली तोंडाला लावली होती. तशीच राहिली.
लाल रॅम्पवर होती. नाक वर, टाकीचं तोंड खालच्या अंगाला. दुपारी सपाटीला भरली होती, संध्याकाळी उतारावर. भरलेली दिसली, भरली नव्हती. किती कमी? दहा लिटर? वीस? आता कोण सांगणार. आणि तिथं भरायला कोणी लावलं? मी. मेकॅनिकलला होतो मी!
रफिकभाईंना विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"
"हौ."
"मग अण्णांना का नाय सांगितलं?"
"तूने बोला ना, बिका हुआ है. बिके हुए की कौन सुनता?" मग हात पुसत म्हणाले, "और बिर्याणी लालवाले की भी खाई मैंने. दोनों की फीकी थी."
लई राग आला. त्यांचाच आला. असं गप्प बसून माणसाला बुडवायचं असतं का? एक शब्द बोलले असते तर
बोलले होते.

८ मार्च
लालच्या डीलरला फोन. डेमोची मशीन वेरूळकडच्या साइटला गेली, दहा दिवस मोकळी नाय. म्हणजे परत टेस्ट नाय.
प्राजक्ताला सगळं सांगितलं. म्हणालो, अण्णांना सांगितलं तर लालचं बुकिंग होणार नाय, तुला वाईट वाटंल.
"मला कशाला वाईट वाटंल? मी काय मशीन आहे?"
"तसं नाय..."
"मग कसं? माझ्यासाठी घेतोयस का? मी सांगितलं होतं?" मग म्हणाली, "कॉलेज पण असंच सोडलंस. सरांवर चिडलास आणि निघालास. त्या सेमिस्टरची दोनच प्रॅक्टिकल राहिली होती तुझी."
फोन ठेवला. मी ठेवला. तिला काय अधिकार! सगळेच मला शिकवणार. काउंटरवर बसून माणसाचं आयुष्य तपासायचं, सर्व्हिसिंगला आल्यासारखं!
दोनच राहिली होती, हे तिच्या लक्षात आहे.

९ मार्च, सोम. सकाळ
अण्णा दाढी करत होते. दारातूनच सांगून टाकलं, एका दमात. रॅम्प, टाकी, सगळं.
वस्तरा थांबला. "म्हणजे पिवळी बरी?"
"तसं पण नाय. लाल अजून बरी असू शकती."
"मग उद्या कोणती बुक करू?"
"माहीत नाय."
ओरडतील वाटलं. ओरडले असते तर मला पण ओरडता आलं असतं. त्यांनी तोंड धुतलं, टॉवेल घेतला. "रफिकला विचार. मीच विचारलं असतं, पण त्याला बोलला तू आहेस. तूच जा. कॉलेजचं मागून बघतो."

त्याच दिवशी, साइट
रफिकभाई जुन्या मशीनला ग्रीस मारत होते. "माफ करा" म्हणालो. हळूच.
"किसके सामने बोला था?"
"चारही ड्रायव्हर होते."
"तो?"
म्हणजे चौघांसमोर. ही कसली जबरदस्ती! मी काय खून केलाय? मनातल्या मनात लई भांडलो. वर फक्त "बरं" म्हणालो. मग विचारलं, "आणि मशीन? लाल की पिवळी?"
"पहले वो."
वही घरी राहिली, ट्रिपच्या पावतीमागं लिहितोय. लालच्या डीलरचा दोनदा फोन येऊन गेला, नाय उचलला. तीन डंपर आलेत. ड्रायव्हर लिंबाखाली डबे घेऊन बसलेत, पण उघडले नाहीत. चौथ्याची वाट बघतायत. त्यांना कोणी सांगितलं कुणास ठाऊक.
रफिकभाई केबिनमध्ये चढून बसलेत. इंजिन बंद केलंय. मुद्दाम. नीट ऐकू यावं म्हणून.
चौथा वळणावर आलाय.