साहेबांना सांगितले

धंतोली, नागपूर
२३ सप्टेंबर १९८४

प्रिय सुमती,

तुझं पत्र येऊन आज दहा दिवस झाले. एरवी मी दुसऱ्याच दिवशी उत्तर टाकतो, वर तुझ्या मसुद्यातल्या चुका दाखवून तुला चिडवतोही. या वेळी तीनदा कागद घेतला आणि तीनदा फाडला. तू मागितलेला शपथपत्राचा नमुना या पाकिटात नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे पाकीट उलटंपालटं करत बसणार नाहीस. तो का नाही, हे सांगायला मात्र वेळ लागेल. अशील बसले असतील तर त्यांना जाऊ दे, मग वाच.

तू लिहिलंस की काटोलच्या कोर्टातला निकाल तुझ्या अशिलाविरुद्ध गेला, जिल्हा कोर्टात अपील करायला तीस दिवस होते, निकालाची नक्कल हाती येऊनही कागद टेबलावरच पडून राहिले आणि मुदतीवर एकेचाळीस दिवस उलटले. चूक तशी माझीच, असंही लिहिलंस. तेवढं वाचून बरं वाटलं. पण पुढे म्हणतेस की बाररूममधले सगळे सांगतात, विलंब माफीच्या अर्जाला कारकुनाचं शपथपत्र जोड, नक्कल त्याच्या हातून दुसऱ्या फायलीत गेली असं लिही, कोर्ट समजून घेतं. तुझा कारकून लहानू सही करायला तयार आहे म्हणे. तयार असणारच. कारकून तयारच असतात. आणि पत्राच्या शेवटी तुझं ते वाक्य: बाबांसारखी चूक माझ्या हातून होऊ नये म्हणून मी दोन-दोन डायऱ्या ठेवते, तरी हे झालं. त्या वाक्याने मला दहा दिवस धड जेवू दिलं नाही.

आधी वकिली बोलून घेतो, कारण ते मला सोपं जातं. शपथपत्राला आपण कागद समजतो, पण त्यामागे एक जिवंत साक्षीदार असतो. समोरच्या वकिलाने मागितलं आणि कोर्टाला पटलं, तर त्या माणसाला पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासाला तोंड द्यावं लागतं. सोबत तुझ्या ऑफिसची डायरी मागवली जाते, नकलेच्या पावत्या मागवल्या जातात. मसुदा ज्याने केला तो वकील त्या वेळी खाली खुर्चीवर आरामात बसलेला असतो. शिवाय विलंबाचा एकेक दिवस समजावून द्यावा लागतो. त्यातला एक खोटा निघाला की बाकीचे चाळीस खरे असूनही कोणी ऐकत नाही. आणि कोर्टाने खर्च लावला तर घाबरू नकोस. खर्च भरून अर्ज मंजूर झाला तर स्वस्तात सुटलीस असं समज, आणि तो तुझ्या पदरचा भर, अशिलाच्या माथी मारू नकोस. हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाही. तुझ्या बाबांना पिंजऱ्यात उभं पाहून मी हे शिकलो.

तू तेव्हा चौथीत होतीस. तुझा बाप शालिकराम माझ्याकडे अकरा वर्षं कारकून होता, आणि असा कारकून मला पुन्हा मिळाला नाही. दर डिसेंबरात तो गांधीबागेत जाऊन जाड कापडी बांधणीची डायरी आणायचा. तारखा निळ्या शाईने आणि मुदती लाल शाईने, हा नियम त्याचा स्वतःचा. रोज सकाळी माझा चहा होईपर्यंत तो पुढच्या आठवड्याच्या नोंदी वाचून दाखवायचा, आणि मी लक्ष देत नाही असं वाटलं तर तीच नोंद पुन्हा, जरा मोठ्याने वाचायचा. मी वैतागायचो. त्याला फरक पडायचा नाही.

नत्थूजीचं प्रकरण त्यानेच आणलं होतं. नत्थूजी तुमच्याच गावचा, काटोलपासून दोन कोसांवरचा. माझ्या गावचा माणूस हाये साहेब, जरा पाहून घ्या, एवढंच शालिकराम म्हणाला होता. नत्थूजीचा संत्र्याचा चांगला बगीचा होता. शेजाऱ्याने धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवून विहीर आणि विहिरीजवळच्या चार ओळी आपल्यात घेतल्या होत्या. काटोलला आपण हरलो, पण ते अपील जिंकण्यासारखं होतं. मोजणीचा नकाशा सरळ आपल्या बाजूचा होता. अपील नागपूरला पडून असतानाच, सदुसष्टच्या जूनमध्ये, नत्थूजी वारला. तेरवीला मी आणि शालिकराम बसने गेलो. तुळसाबाई, नत्थूजीची बायको, डोक्यावरचा पदर सावरत माझ्यासमोर आली आणि म्हणाली, “वकीलसाहेब, आता कोर्टात काही करा लागते का? मले तं काही समजत नाही.” मी म्हणालो, तुम्ही निश्चिंत राहा, आम्ही आहोत ना. त्या घरचं जेवून आलो मी.

करायचं काय होतं? पक्षकार वारला की नव्वद दिवसांत त्याच्या वारसांची नावं लावण्याचा अर्ज द्यायचा. दीड पानाचं काम. तो दिला नाही की अपील आपोआप संपतं. कोर्टाला निकालसुद्धा द्यावा लागत नाही. हे तू दुसऱ्या वर्षाला शिकलीस, आणि मला तर तेव्हा वीस वर्षं झाली होती वकिलीला. पण त्या वर्षी जिल्हा सरकारी वकिलाच्या जागेसाठी माझं नाव वर गेलं होतं. मी रोज कुणाकुणाच्या बंगल्यावर हजेरी लावत होतो, कुणाच्या सत्काराला हार घेऊन जात होतो. सकाळची डायरी मी बूट घालता घालता ऐकायचो, म्हणजे ऐकतच नव्हतो. नव्वद दिवस गेले. त्यानंतरही एक दुरुस्तीची संधी असते, तिचे साठ दिवसही गेले. जानेवारीत अपील बोर्डावर आलं तेव्हा समोरचे वकील उठून उभे राहिले आणि सांगितलं की अपील करणारा माणूस सात महिन्यांपूर्वीच वारला आहे.

कोर्टाबाहेर येईपर्यंत माझं ठरलं होतं. तुझ्या बाररूमने तुला जे सुचवलं तेच मी केलं. तुळसाबाईकडून अर्ज दिला आणि त्याला शालिकरामचं शपथपत्र जोडलं: वकिलांनी मला वेळेत सांगितलं होतं, माझ्या हातून राहून गेलं. मी टाईप करून आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्याने दोनदा वाचलं. “साहेब, डायरीत तं मी लिहून ठेवलं हाये ना,” एवढंच म्हणाला. मी म्हणालो, सही कर, शालिकराम, या वेळेला माझं नाव यायला नको. त्याने सही केली. आणि डायरीत काय लिहिलं आहे ते मी तेव्हाही उघडून पाहिलं नाही. ज्या आळसाने चूक घडली, त्याच आळसात मी तिच्यावर पांघरूण घातलं.

समोरच्या वकिलांनी त्याला उलटतपासाला बोलावलं आणि डायरी मागवली. कोर्टात ती पहिल्यांदा उघडली तेव्हा मीही ती पहिल्यांदाच पाहिली. जूनच्या पानावर लाल शाईत: नत्थूजी वारले, वारस लावणे, मुदत ९० दिवस. ऑगस्टच्या पानावर: वारस, साहेबांना सांगितले. सप्टेंबरात, मुदत संपायला पाच दिवस असताना: वारस, साहेबांना पुन्हा सांगितले. वकिलांनी विचारलं, साहेब म्हणजे कोण? शालिकरामने माझ्याकडे एकदा पाहिलं. सुमती, मी फायलीत डोकं घातलं. मग तो बोलला, आणि कोर्टाने ते लिहून घेतलं: “ह्या नोंदी मी मागाहून लिहिल्या, साहेब. माह्यावर येऊ नये म्हणून.”

न्यायाधीश जुने, समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि सरळ मला विचारलं, वकीलसाहेब, तुम्हाला स्वतःला काही सांगायचं आहे का? माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं त्यांनी. मी उभा राहून म्हणालो, आमचं जे म्हणणं आहे ते शपथपत्रात आहे. आयुष्यात पुष्कळ युक्तिवाद केले, काही लोक अजून त्यांची आठवण काढतात. मला आठवतं ते हे एक वाक्य.

अर्ज खर्चासह फेटाळला गेला. निकालात लिहिलं होतं की हा कारकून कामात हयगय करतो, आणि मालकावर दोष ढकलण्यासाठी बनावट नोंदी करतो, त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. विहीर गेली. उरलेल्या बगीच्याला पाणी राहिलं नाही आणि दोन उन्हाळ्यांत झाडं वाळली. समोरच्याचा खर्चही तुळसाबाईनेच भरला. गावाने अर्थ काढला की शालिकरामला शेजाऱ्याने विकत घेतलं. त्यानंतर तुमच्या घरी गावाकडची लग्नपत्रिका आली नाही, हे तू मला एकदा सहज सांगितलं होतंस. शालिकरामने महिन्याभरात ऑफिसच्या किल्ल्या आणून दिल्या आणि तहसील कचेरीसमोर अर्ज लिहीत बसला. एप्रिलमध्ये मी सरकारी वकील झालो.

आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. खरं सांगितलं असतं तर तो अर्ज बहुधा मंजूर झाला असता. बाईने वकिलाला वेळेत सांगितलं, कारकुनाने लिहून ठेवलं, दोनदा आठवण करून दिली, वकील विसरला. यात बाईचा काय दोष? कोर्टाने मला चार शब्द सुनावले असते, खर्च लावला असता आणि वारस लावून घेतले असते. तिला वाचवणारा पुरावा त्या डायरीतच होता, आणि तो मी माझ्याच माणसाकडून खोटा ठरवून घेतला. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. वरच्या कोर्टात जायला तेव्हाही वेळ होता. गेलो नाही.

पुढे मी तुला पुस्तकं देत राहिलो, तुला सनद मिळाली तेव्हा काळा कोट शिवून दिला. तू पाया पडायला आलीस तेव्हा शालिकराम फाटकाबाहेर थांबला होता. बाबांना संकोच वाटतो, असं तू म्हणालीस, आणि मी मान डोलावली. तू तुझ्या बापाला सतरा वर्षं चुकार समजत मोठी झालीस आणि माझा फोटो ऑफिसात लावलास. तो काढून टाक.

हे सगळं मी आज का लिहितो आहे? तुझ्या पत्रामुळे लिहितो आहे असं तुला सांगितलं तर ते माझं आणखी एक खोटं शपथपत्र होईल. तुझं पत्र आल्यावर मी नमुना टाईप करायलाच बसलो होतो. मग गेल्या मंगळवारी शालिकराम आला. तुझ्या मागणीचं त्याला लहानूकडून कळलं होतं. व्हरांड्यातल्या त्याच्या जुन्या बाकावर बसला, पार वाळला आहे. मला वाटलं, सतरा वर्षांनी का होईना, हिशेब विचारायला आला, आणि खोटं नाही सांगत, मला सुटल्यासारखं झालं. पण तो स्वतःबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, “साहेब, सुमतीले तो कागद देऊ नका. लहानूले लेकरं हायेत. त्याले काटोलातच राहा लागते.” पाणी प्यायला आणि दोनच्या बसने परत गेला. त्या कागदाऐवजी सोबत दुसरा पाठवतो आहे, शुक्रवारी शपथेवर केलेला, आणि त्यात शपथ घेणारा मी आहे. डायरीतल्या तिन्ही नोंदी त्या-त्या दिवशीच्या आणि खऱ्या आहेत, असं त्यात लिहिलं आहे. त्याने बगीचा परत येत नाही, मुदती केव्हाच गेल्या. बार कौन्सिलने सनद काढून घेतली तर घेऊ दे. शालिकराम माझ्यासाठी पिंजऱ्यात खोटं बोलला हेही त्यातून उघड होतं, म्हणून आधी त्याला वाचून दाखव आणि त्याची परवानगी माग. तो हो म्हणाला तर येत्या रविवारी सकाळच्या बसने मी डायरी घेऊन काटोलला येतो. तिथून तुमच्या गावी जाऊन तुळसाबाईच्या अंगणात, चार माणसांदेखत, हे मोठ्याने वाचायचं आहे. शालिकरामलाही सोबत आण. तो नको म्हणेल. त्याला सांग, साहेबांना त्या गावात एकट्याने जायची भीती वाटते.

अजूनही म्हणू देशील तर, तुझाच
वकीलकाका
चंपतराव