चुकीच्या जागी घेतलेला श्वास

रविवार, ९ मार्च

चि. पिटुकले,

हे पत्र तुझ्या हाती पडलं, तर माझा संशय खरा ठरला म्हणायचा. तुझा पत्ता माझ्याकडे नाही. माझ्या लेकीच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा एक मुलगा आहे, सगळे त्याला धडधड्या म्हणतात. त्याच्या हातात पाकीट देऊन एवढंच सांगणार आहे, "कुणाला द्यायचं ते तुला ठाऊक आहे."

बाकी इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो. कुंड्यांतली झाडं माझ्यापेक्षा बरी आहेत.

लेकीचं गाणं गाजतंय, हे तुला कळलंच असेल. कालपर्यंत या मुलांना कुणी दारात उभं करत नव्हतं, आता औषधाच्या दुकानातही तेच गाणं आणि लिफ्टमध्येही तेच. मला विचारशील, तर निम्मा वेळ कुणीतरी पत्रे बडवतंय असं वाटतं. पण शेवटी सगळं थांबतं आणि एक बाई खालच्या सुरात साथ देते. त्याच्या जरा आधी तिचा श्वास ऐकू येतो. शब्दाच्या मधोमध, घाईघाईने, उचकी लागल्यासारखा.

मी भाजी चिरत होते. सुरी तशीच हातात राहिली.

शाळेच्या कॉयरमध्ये गाणं शिकवणाऱ्या ज्या सिस्टरला आपण टाचणी म्हणायचो, ती तुझ्या पाठीत बोट खुपसून सांगायची, "ओळ संपू दे, मग श्वास!" तरी तू शब्दाच्या मधोमधच घ्यायचीस. मी वरचा आवाज, तू खालचा. तुझा तो श्वास ऐकला की मला कळायचं, आता आपली जागा आली.

लेकीला विचारलं, "ही बाई कोण गं?"

"असते स्टुडिओत. येते, गाते, जाते."

"नाव काय?"

"आई, तू पोलिसात भरती का नाही झालीस?"

मग तिने रेडिओच बंद केला. स्वतःचं गाणं लागलेलं असताना!

परवा धडधड्या जेवायला होता. बोलता बोलता म्हणाला, "मावशी कसल्या हसवतात! रेकॉर्डिंग थांबवावं लागलं." टेबलाखाली काहीतरी हललं. तो कळवळला. "म्हणजे, माझी मावशी."

"तुला तर नुसते मामाच आहेत ना रे?"

त्याने पाणी मागितलं.

निघताना बूट घालता घालता हळूच म्हणाला, "काकू, रागावू नका. रेकॉर्डिंगमधले श्वास आम्ही कापून टाकतो. तो एक तुमच्या लेकीनेच ठेवायला लावला. म्हणाली, ओळखणारी ओळखेल."

तेव्हापासून डोक्यात एकच. कधीपासून भेटताय तुम्ही? तिला माझ्याबद्दल काय काय सांगितलंस?

माझ्या लग्नात आपण दोघी गाणार होतो. तू त्या गिटारवाल्याच्या गाडीत बसून निघून गेलीस आणि मी एकटी गायले. वरचा आवाज एकटा फार केविलवाणा लागतो गं. नंतर गायले नाही, लेकीला झोपवतानाही नाही. आता अशाच गाड्या तिच्यासाठी दाराशी थांबतात. एक बहीण अशी गेली. लेकही तुझ्याच मागे जाणार असेल, तर मला आत्ताच सांग.

शनिवारी त्यांचा मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. माझी खुर्ची पुढच्या रांगेत. "शेजारी कोण?" म्हटलं, तर म्हणाली, "असेल कुणीतरी." आणि माझाच चष्मा घेऊन पुसत बसली. काचा स्वच्छ होत्या.

दोघींनी मिळून सापळा लावलाय, हे मला कळत नाही असं समजू नकोस. तरी मी येणार आहे. मान वळवून बघणार मात्र नाही, आधीच सांगते. दिवे मालवले की येऊन बस. माफी नको, खुलासे नकोत. गाणं शेवटाला आलं की तिथेच श्वास घे, तुझ्या त्या चुकीच्या जागी.

वरचा आवाज मी विसरलेले नाही.

वाट पाहून पाहून रागावलेली,
ताई