नितेशच्या डिकीतले डबे

रत्नागिरी, ५ जानेवारी २०२५

ती. रेणुकाताईंस,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर बोलावं तर आई शेजारीच असतात, म्हणून पत्र. तुमच्या भावाच्या तोंडाला महिनाभर लसणीचा वास येतोय! घरात तर ते लसणीला शिवत नाहीत. मग जेवतात कुणाकडे? त्यांची नखं तुटतात, उशीवर केस पडतात. लग्नाला चार वर्षं झाली. माझ्या तपासण्या चांगल्या आल्या, त्यांचे शुक्राणू मात्र कमी निघाले. हे आईंना ठाऊक नाही. त्या मलाच रोज खजूर चारतात. हसावं की रडावं?

तुमच्या मायेची,
शमिका

मुंबई, १३ जानेवारी

चि. शमिकास,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

अगं, नितेश दुसऱ्याकडे चहा घ्यायलाही लाजतो, जेवणार कसला! दहावीत उंची वाढावी म्हणून त्याने चमचाभर घ्यायचं टॉनिक बाटलीभर प्यायलं होतं. उंची राहिली तेवढीच, जुलाब वाढले. आताही काहीतरी गिळत असणार. स्कूटरची डिकी बघ. भांडू नकोस मात्र, घाबरला असेल बिचारा.

नणंद कमी, मैत्रीण जास्त,
रेणुका

रत्नागिरी, ९ फेब्रुवारी

ती. ताई,
सप्रेम जयभीम.

डिकीत तीन डबे निघाले! जस्ताच्या गोळ्या, सेलेनियमच्या गोळ्या आणि 'खास पुरुषांसाठी' पावडर, तिच्यातही पुन्हा तेच दोन्ही. रिपोर्ट आल्यापासून तिन्ही दुप्पट घेत होते. डॉक्टरबाईंनी रक्त तपासून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ही खनिजं शरीराला चिमूटभरच लागतात. अती झाली की ज्यांच्यासाठी खाताय ते शुक्राणूच मंदावतात. तो वास, ती नखं, ते केस, सगळं सेलेनियममुळेच! सगळं बंद, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. परतताना आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्यावर थांबलो. ते म्हणाले, तुला वाटेल मी कमी पडलो, म्हणून लपवून घेत होतो. मी म्हटलं, तुम्ही तर जास्तच झालात! दोघं पोट धरून हसलो आणि हसता हसता ते रडले.

तुमची,
शमिका

रत्नागिरी, २० जुलै

ती. ताई,
सप्रेम जयभीम.

रिपोर्ट सुधारला आणि मला दुसरा महिना लागलाय! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी आपणहून आईंना सगळं सांगितलं. आई माझे हात धरून म्हणाल्या, पोरी, मी तुलाच बोल लावत राहिले गं. आता रस्त्यात तरणा मुलगा दिसला की थांबवून विचारतात, बाबा, पावडरबिवडर खात नाहीस ना? तुमचा भाऊ गल्लीतून हेल्मेट घालूनच जातो, पायी असला तरी!

लवकर या. माया आहे तशीच राहू द्या.
शमिका