पाठीवरचे हूक

ताई,
तुला नमस्कार, पिल्लांना पापे. मी अगदी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या थिएटरातली ती बॅले नाचणारी बाई अखेर गेली. दोन वर्षं आजारी होती, तरी जमेल तेव्हा नाचायला यायची. ती वाळत गेली, तसे मी तिच्या पांढऱ्या पोशाखाचे पाठीवरचे हूक आत आत घेत गेले. "शिंपीणबाई, आत घ्यायला अजून जागा उरलीय का?" असं विचारून स्वतःच हसायची.

तो पोशाख आता नव्या मुलीला द्यायचाय. परवा मी सगळे हूक उसवून बाहेर लावले. काल सकाळी बघते तर पुन्हा आत, तिच्या शेवटच्या मापावर! टाका माझ्याच हातचा, गाठही माझीच. कपाटाची किल्ली तर माझ्याच कमरेला असते. कुणाला सांगायची सोय नाही, वेड्यात काढतील.

म्हटलं, अंगाला लावून तरी बघू. ताई, बेतून शिवल्यासारखा बसला गं मला.

खोकला कमी आहे. जेवणही जातं थोडंफार. आईला एवढं वाचून दाखवू नकोस.

तू लाडाने नाव ठेवलेली,
तुझीच ढब्बू