पाच-दोन-सहा

बुधवार, १२ फेब्रुवारी १९९२
गुरूदादाचा फोन आला. घर सोडल्यावर आठ महिन्यांनी! समोरच्या बिल्डिंगमधल्या मालिनीकाकूंकडे. आई कँटीनला पोळ्या लाटायला गेलेली, म्हणून मी धावलो. म्हणाला, "आनंदा, नंबर घे. शनिवारपर्यंत इथे आहे, पुढे कुठे ते नाही माहीत. आईला फोन करायला सांग." काकूंचं पेन सुकलेलं. मुंबईचा नंबर, सात आकडे. म्हणत म्हणत दोन जिने उतरलो. खाली लपाछपीत शेजारच्या चिमीवर राज्य – डोळे झाकून दहा, वीस, तीस, चाळीस. घरी पोचलो तर तोंडात पाच-दोन-सहा. पुढचं साफ.

गुरुवार, १३
आई चिमीच्या आईशी भांडली. "तुमच्या पोरीच्या मोजण्यापायी माझा गुरू गेला." मी तिथेच उभा.

शनिवार, १५
रजा टाकून आई दिवसभर काकूंच्या फोनपाशी. काकू म्हणाल्या, "बकुळाबाई, चहा तरी घ्या." फोन दोनदा वाजला. एक काकांचा, एक राँग नंबर.
तरी रात्री माझ्यासाठी जेवायची थांबली होती. दादा होता तेव्हा मला झाकून ठेवलेलं गार ताट मिळायचं.

सोमवार, २ मार्च
उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात काम विचारायला निघालो. वाटेत एक जण रेडिओ उघडून बसलेला – तासभर तेच बघत राहिलो. सिंधी शेठ म्हणाला, "अभी आया? जगा भर गया, साईं." परतताना काकूंची वृंदाताई भेटली. कॉलेजात मानसशास्त्र शिकते. मला आकडे म्हणायला लावले. सरळ सहा जमले, उलटे तीनच.
म्हणाली, आत्ताचं धरून ठेवायची डोक्यातली जागा एवढीशी. ऐकलेलं तोंडातल्या तोंडात फिरवत राहिलं तर टिकतं, थांबलं की दोन सेकंदांत गेलं. बघितलेल्याची जागा वेगळी. वर एक मुकादम, लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणारा. "तुझा मुकादम कायम रजेवर."
हसलो. मग विचारलं, आणि चिमीचं मोजणं?
"त्यानं थोडं बिघडतं रे. पण तू म्हणत राहिला असतास तर बहुतेक टिकला असता. मध्ये थांबला होतास का?"
नाही म्हणालो.

शुक्रवार, ६
चिमीवर राज्य आलं की ती आता बोटांवर मोजते. ओठ घट्ट मिटून. पोरं ओरडतात – "ए, ऐकू येऊ दे ना, चीटिंग करते ही!" ती मान हलवते, पण मोठ्यानं नाही मोजत. मला बघून उठून आत गेली.

रविवार, ८
आईनं पहिली गरम पोळी माझ्या ताटात टाकली. तव्याकडे बघत म्हणाली, "तुझा काय दोष."
पोळी ताटातच गार होऊ दिली.

सोमवार, ९
पहिल्या जिन्याच्या वळणावर मी तोंड मिटून उभा राहिलो होतो. नंबर पुसला जाईपर्यंत. चिमी त्याच्यानंतर मोजायला लागली.