साडूची कंबर

५ जानेवारी, सकाळी ११
साडू दुकानात आला. काउंटरवर पाच पँटी टाकून म्हणाला, सगळ्या कंबरेत घ्याव्या लागतील. टेप लावली. चौतीस. गेल्या वर्षी अडतीस होती. पुन्हा लावली. चौतीसच. माझी टेप ताणली गेली असणार. त्याच टेपने स्वतःची कंबर मोजली तर एक्केचाळीस. म्हणजे आक्रसली असणार.

पँटी ऑरगॅनिक दुकानाच्या कापडी पिशवीत होत्या. असं आहे होय!

संध्याकाळी
बायको म्हणाली, भावजींनी करून दाखवलं हो. मला सोळा वर्षांत ती एकदाच म्हणाली, करून दाखवलंत. तेव्हा मी नवा पडदा इस्त्रीने जाळला होता.

६ जानेवारी
ठरलं. आजपासून पोटात जाईल ते ऑरगॅनिक. २ मार्चला सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. दोन्ही जावयांनी एकाच कापडाचे कोट घालावेत अशी त्यांची इच्छा. शिवणार मी. लक्ष्य: तेहेतीस. साडूपेक्षा एक इंच कमी. बायको बघतच राहिली पाहिजे.

९ जानेवारी
खरेदी. सगळं ऑरगॅनिक: पालक, गाजर, बिस्किटं (चार पुडे), मध, पीनट बटर, चिप्स. फवारणी नाही, रासायनिक खत नाही, मग चरबी येणार कुठून? बायको म्हणाली, साखर कुठल्याही शेतात उगवली तरी साखरच. तिला यातलं काही कळत नाही. पालक उद्यापासून.

१४ जानेवारी
पालक सडला. फवारणी नसल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? बिस्किटं संपली.

२२ जानेवारी
वजन दीड किलोने जास्त. शरीरातलं विष बाहेर पडायच्या आधी सुरुवातीला असं होतं म्हणतात. कोण म्हणतात ते आठवत नाही.

मेहुणीचा फोन आला होता. साडू आता कामावर चालत जातो म्हणे. बायकोने हे मला तीनदा सांगितलं. एकदा मी चिप्स खात असताना. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

३ फेब्रुवारी
दोन्ही कोट कापले. गिऱ्हाइकाच्या कपड्याला मी शिवणीत दीड इंच दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवतोच. माणसाचा काय भरवसा, सुटतो. माझ्या कोटाला ठेवला नाही. तेहेतीस म्हणजे तेहेतीस. उरलेल्या कापडाची बायकोला पर्स शिवून दिली. आता माघार नाही.

१७ फेब्रुवारी
साडू ट्रायलला आला. खांद्याला घडी नाही, पाठीला झोल नाही. इतका चांगला कोट मी उगाच शिवला.

सहज विचारल्यासारखं करून विचारलं, ऑरगॅनिकवर महिन्याला किती जातात? तो हसला. म्हणाला, कुठलं ऑरगॅनिक? कोपऱ्यावरच्या गाडीवरून भाजी घेतो, नीट धुतो. अर्धं ताट भाजी आणि मधलं अरबटचरबट बंद. परवडलं तर ऑरगॅनिक घ्यावं, पण आधी भाजी खायला तर लागावं! पिशवी शेजारणीची होती म्हणे.

खोटारडा. स्वतःचं गुपित कोण सांगतं?

२६ फेब्रुवारी
गुपचूप कोपऱ्यावरच्या गाडीवरून पालक आणला. साधा. दोन वेळा खाल्ला. हलकं वाटतंय. उरलेल्या चार दिवसांत आठ इंच उतरवायचे. मनात आणलं तर अवघड नाही. मधाची बाटली मात्र संपवली, अन्न वाया घालवणं बरं नव्हे.

२ मार्च, संध्याकाळी
श्वास रोखून कोटाचं बटण लावलं. सासऱ्यांना वाकून नमस्कार करताना ते सुटलं नाही, उडालं. पाठोपाठ पाठीची शिवण गेली. आत सोडायला कापड नव्हतंच. कोट काढून काखेत धरला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

बाहेर साडूभोवती घोळका जमला होता. कोणीतरी विचारलं, काय सुरेख कोट आहे, शिवला कोणी? बायकोचा आवाज आला. आमच्या ह्यांनी, म्हणाली. असा हात अख्ख्या शहरात नाही, म्हणाली. इतक्या कौतुकाने तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मग घोळक्यातले म्हणाले, कुठे आहेत ते, बोलवा की! तिने दोनदा हाक मारली.

मी ओ दिली नाही.